खिडकीबाईंनी ‘पुढचा’ संपवला

त्यांचं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. इस्पितळात त्यांना सगळे खिडकीबाईच म्हणायचे. गेली एकोणीस वर्षं जगाला त्यांचा जेवढा भाग दिसायचा तेवढा केसपेपरच्या खिडकीतूनच दिसायचा: एक चष्मा, दोन हात आणि आवाज. आवाज मात्र भरपूर. “मागे व्हा. एकेक जण. काचेवर रेलू नका, ती तुमच्या वजनाच्या हिशोबाने नाही बसवलेली.”

माणसांबद्दल त्यांचं मत फारसं बरं नव्हतं. रांगेच्या तोंडाशी एकोणीस वर्षं बसलेल्या बाईचं ते बरं राहील तरी कसं? लग्नकार्यात सगळेच सज्जन असतात, माणूस ओळखायचा तो रांगेत. “मला फक्त विचारायचंय” म्हणून जो पुढे घुसतो त्याला काहीएक विचारायचं नसतं, हे ज्ञान त्यांना पहिल्याच आठवड्यात झालं होतं. “माझी गाडी दारात उभी आहे” म्हणणाऱ्याला त्या सांगायच्या, “मग तिला आत बोलवा, बसू दे बाकावर.”

दहा वर्षांपूर्वी त्यांनी एक प्रोग्राम लिहिला. नवरा जहाजावर, इंजिनरूममध्ये. वर्षातले आठ महिने घरात सासू आणि शांतता. त्यातली सासू गप्प बसणारी नव्हती, म्हणून बाई संध्याकाळच्या संगणकाच्या वर्गाला जाऊ लागल्या. वर्गातल्या बाकीच्यांनी सरावाला पाढे छापणारे प्रोग्राम लिहिले. बाईंनी रांगेचा लिहिला. माणूस आला की त्याला टोकन. डॉक्टरांच्या खोलीच्या दारात एक बटण. नर्सने दाबलं की हॉलमधल्या स्क्रीनवर पुढचा आकडा. सोळानंतर सतरा, सतरानंतर अठरा. संपलं. प्रोग्रामचं नावही तेच ठेवलं, ‘पुढचा’. सगळा मिळून दोनशे बारा ओळींचा.

तो त्यांनी ओपन सोर्स करून टाकला, म्हणजे कोड सगळ्या जगापुढे उघडा मांडला आणि वर एक पाटी लावली: घ्या, वापरा, बदला, मला विचारू नका.

विचारू नका म्हटलं की लोकांना कंठ फुटतो.

पहिलं पत्र आलं ते एका दंतवैद्याचं. “ताई, आकडा बदलला की टिंग वाजेल का?” बाईंनी टिंग घातलं. शहाणपणाची मागणी होती. मग कुणी म्हणालं, डॉक्टर दोन असतील तर? तेही घातलं. मग एक केशकर्तनालय म्हणालं, आकड्याबरोबर गिऱ्हाइकाचे आभार मानता येतील का? एका बेकरीला थंडीच्या दिवसांत स्क्रीनवर बर्फ पडायला हवा होता. एका टपाल कचेरीला, ज्याचा वाढदिवस असेल त्याला टोकनावर शुभेच्छा हव्या होत्या. आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी तेच, “छोटंसंच काम आहे हो.”

“यांना काय माहीत छोटं काय नि मोठं काय!” बाई घरी करवादायच्या. “चपलेत खडा गेला तरी छोटाच असतो.”

“मग घालतेस कशाला?” सासूबाई विचारायच्या.

“वाईट दिसतं हो आई, नाही म्हणणं.”

“खिडकीत तर दिवसभर नाही म्हणतेस.”

“ते तोंडावर असतं. हे लेखी.”

खरं कारण निराळं होतं आणि बाईंना ते पुरतं ठाऊक होतं. खिडकीत होकार दिला तर कुणी वळून बघत नसे. इथे एक बर्फ पाडला की चाळीस देशांतून लाल बदाम यायचे.

आणि मग आला उत्साही. नाव बाईंनीच ठेवलेलं. दुसऱ्या शहरात एका मोठ्या कंपनीत नोकरी करणारा, फावल्या वेळात ‘पुढचा’मध्ये भर घालणारा. दिवसाला तीन कल्पना, आठवड्याला एक फोन. त्याने बाईंना कधी समोर पाहिलं नव्हतं, आणि रांगेत तर तो जन्मात उभा राहिला नसावा.

“ताई, लोकांना प्राधान्य हवंय!”

“कुणापेक्षा?”

“म्हणजे... इतरांपेक्षा.”

“ते सगळ्यांनाच हवं असतं रे. म्हणून तर रांग लावतात.”

पण पहिलं प्राधान्य ज्येष्ठांचं होतं, त्याला कोण नाही म्हणणार? मग गरोदर बायका, मग दिव्यांग, मग तान्हं मूल काखेत असलेले. इथवर बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलं. पुढे उत्साही लिहीत गेला आणि बाई मान डोलावत गेल्या: फेरतपासणीवाले, नुसता रिपोर्ट दाखवायला आलेले, फोनवरून आधी नंबर लावलेले, कर्मचारी, कर्मचाऱ्यांचे नातेवाईक, जुनी गिऱ्हाइकं, फार जुनी गिऱ्हाइकं. असे करत करत चौदा प्रकार झाले. दोनशे बारा ओळींच्या एकोणीस हजार झाल्या. प्रोग्राम दोन हजारांवर ठिकाणी पोहोचला आणि बाईंच्या इस्पितळाच्या स्क्रीनवर ज-चार, फे-नऊ, कना-दोन असली बाराखडी नाचू लागली.

तेवढ्यात सोन्यासारखी बातमी आली. असल्या उघड्या प्रोग्रामांना हात देणारी एक मोठी संस्था होती. तिला ‘पुढचा’ पसंत पडला होता. संस्था बाईंना नोकरीवर घेणार होती, पूर्ण वेळ, घरी बसून, स्वतःच्या प्रोग्रामवर. अट एकच. पुढच्या तीन वर्षांत त्यात काय काय वाढवणार याची यादी शुक्रवारपर्यंत पाठवायची.

बाईंनी त्याच संध्याकाळी घरातलं टेबल खिडकीपाशी सरकवलं. ही खिडकी बाहेर बघायची, बाहेरून कुणी तोंड घालण्याची नव्हे. एकोणीस वर्षांचं खोकणं, शिंकणं, “बाई जरा बघा ना” आणि काचेवर उमटलेली नाकं संपणार होती. फक्त एक यादी.

“टेबल हलवलंस,” सासूबाई म्हणाल्या.

“हो.”

“पत्र हातात यायच्या आधी?”

“आई, तुम्ही ना, एखाद्या गोष्टीला दृष्टच लावता.”

“मी टेबलाबद्दल बोलतेय. पाय ओरबाडलाय त्याचा.”

तो सोमवार. गुरुवारी सकाळी खिडकीशी एक रंगारी आला. घरांना रंग देणारा, नखांच्या कडांत पांढरा रंग कायमचा बसलेला. आवाज माफी आधी मागून बोलणं नंतर सुरू करणाऱ्याचा.

“मॅडम, एक विचारू? रागावू नका.”

“विचारा. रागावायचं का ते मग बघू.”

“सतरा हा आकडा बंद केलाय का?”

“काय?”

“नाही म्हणजे, सोमवारी मला सतरा मिळाला. एक वाजेपर्यंत आला नाही. तुम्ही म्हणालात उद्या लवकर या. मंगळवारी बावीस. तोही नाही आला. काल तर नऊ होता! मी म्हटलं आज लागला. नाही. आज परत सतराच दिलाय मशीनने. म्हणून विचारलं, बंद असेल तर दुसरा द्या.”

“तुम्ही झोपला असाल बाकावर.”

“असेन,” रंगारी लगेच म्हणाला. “पण तिन्ही दिवस?”

“काय होतंय तुम्हाला?”

“खांदा वर जात नाही. छतं रंगवतो मी.” एवढं बोलून तो ओशाळून हसला आणि जाऊन बाकावर बसला, स्क्रीनच्या अगदी समोर, झोप लागू नये म्हणून पाठ न टेकता.

बाई टोकन द्यायच्या, हाक मारायच्या त्या खोल्यांच्या दारातल्या नर्स. एक वाजता जे उरायचे त्यांना त्या रोज सांगायच्या, “उद्या लवकर या.” लोक लवकर यायचे. आठच्या जागी सात, सातच्या जागी सहा. बाई मनात म्हणायच्या, बघा, धाक बसला.

जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता त्यांनी प्रोग्राम उघडला. चूक शोधली. आधी उत्साहीची शोधली, कारण ती सापडावी अशी फार इच्छा होती. नाही सापडली. मग स्वतःची शोधली. तीही नाही. प्रोग्राम अगदी सांगितल्याबरहुकूम चालला होता. प्राधान्यवाला कुणी थांबला असेल तर आधी तो. कुणीच नसेल तेव्हा साधा नंबर. आणि चौदा प्रकार केल्यावर प्राधान्यवाला कुणी नाही अशी वेळ सकाळी आठ ते दुपारी एक यात क्वचितच येत होती. सबंध महिन्यात साध्या टोकनांतली दहात सात पुकारलीच गेली नव्हती. ज्यांना कुणी नव्हतं, काही नव्हतं, वयही पुरेसं झालेलं नव्हतं, अशी सगळी माणसं. आणि एकानेही तक्रार केली नव्हती. प्रत्येकाला वाटलं, आपल्यालाच डुलकी लागली.

त्या उठल्या, रंगाऱ्याला हाताला धरून खोलीत घेऊन गेल्या आणि नर्सला म्हणाल्या, “आधी हे.”

“यांचा प्रकार कोणता, बाई?”

“माणूस,” बाई खेकसल्या.

खेकसणं झालं, पण शुक्रवार उद्यावर आला होता.

संध्याकाळी त्यांनी सगळं सासूबाईंना सांगितलं. सासूबाई तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या, परगावचे फोन जोडून द्यायच्या. अजूनही कुणी बोलू लागलं की मान एका बाजूला कलती करून ऐकायच्या, जणू कानावर यंत्र आहे.

“आमच्याकडे तीन दर होते,” त्या म्हणाल्या. “साधा, अर्जंट आणि त्याच्यावर लाइटनिंग. म्हणजे वीज. एकदा परीक्षेचे निकाल लागले त्या दिवशी सगळ्या गावाने वीजच मागितली. साधा फोन कुणीच लावीना.”

“मग?”

“मग काय, वीज चार तासांनी पडायला लागली. आणि लोक विचारायला लागले, विजेच्या वरचं काही आहे का?”

“तुम्ही काय सांगितलंत?”

“म्हटलं, आहे. चालत जा.”

बाईंना हसू आलं नाही. “आई, मी म्हटलं की प्रोग्राम पूर्ण झाला, आता काही घालायचं नाही, उलट काढायचं आहे, तर संस्था मला ठेवील कशाला? पूर्ण झालेल्या भिंतीवर गवंडी कुणी ठेवतं का?”

“नाही ठेवत.”

“म्हणजे खिडकी. निवृत्तीपर्यंत. अकरा वर्षं.”

“मग घाल की काहीतरी,” सासूबाई म्हणाल्या. “घालण्यासारखं चांगलं काही नाहीच का?”

होतं. बाईंना ते दुपारपासून सुचत होतं आणि सुचल्यापासून त्यांना आपल्याच हुशारीचा वास येत होता. मोठे डॉक्टर, म्हणजे इस्पितळाचे प्रमुख, गेले दोन महिने पंधराव्या प्रकारासाठी मागे लागले होते. ‘विशेष’. त्यांनी धाडलेल्या माणसांसाठी. ठीक आहे, देऊ या विशेष! पण विशेष टोकन पुकारलं की स्क्रीनवर त्याच्याखाली झळकणार: यांची शिफारस कुणी केली. भर हॉलमध्ये, दोनशे माणसांसमोर. शरमेनेच वशिला मरेल. यादीतली पहिली ओळ तीच, आणि मग असल्याच लाजवणाऱ्या आणखी नऊ. संस्था खूश, रांग सरळ, बाई घरी. साप मरेल आणि काठीही शाबूत.

साठ ओळी लिहून झाल्या तेव्हा सासूबाईंनी पडद्यावर बघितलं आणि टाळ्या वाजवल्या. “अगं, हे तर फटके आहेत फटके!”

शुक्रवारी सकाळी कामाआधी बाई लॅपटॉप घेऊन मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. आत जाताना चेहरा असा केला होता की त्यावर काहीच लिहिलेलं नसावं.

“सर, विशेष प्रकार तयार आहे.”

“वा! शेवटी झालं म्हणायचं.”

“हे बघा. समजा तुमच्याकडून कुणी आलं. नर्सने बटण दाबलं...”

टिंग झालं. पडद्यावर आलं, वि-एक, आणि खाली ठळक अक्षरांत: शिफारस, इस्पितळ प्रमुख.

मोठे डॉक्टर पुढे वाकले. चष्मा वर केला, खाली केला. बाई वाट बघत होत्या. कानांच्या पाळ्या आधी लाल होतात, असं त्यांनी ऐकलं होतं.

“हे सगळ्यांना दिसणार?”

“सगळ्यांना, सर. अगदी मागच्या बाकापर्यंत.”

“हं.” डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. “नुसतं पद बरं दिसत नाही हो.”

“म्हणजे?”

“नाव घाला. नाव, आणि खाली पदव्या. तीन ओळी होतील, होऊ देत. आणि हे अक्षर जरा घसघशीत करा. फोटो बसतो का?”

“फोटो.”

“लहानसा. कोपऱ्यात. आणि एक ऐका, डोळ्यांच्या विभागाचे आहेत ना, ते पण माणसं पाठवतील. एकाच वेळी त्यांची आणि माझी आली तर माझी आधी लागायला हवीत. त्याची काहीतरी सोय करून ठेवा.” ते उठून बाईंना दारापर्यंत सोडायला आले, जे एकोणीस वर्षांत कधी घडलं नव्हतं. “कल्पक आहात तुम्ही. आम्हाला उगाच वाटायचं नुसत्या ओरडता.”

बाई जिन्यावर मधेच थांबल्या. त्यांनी बनवला होता चाबूक, आणि गिऱ्हाईक म्हणत होतं, वा, पट्टा छान आहे, याला बक्कल कुठे लावायचं?

पण डॉक्टरांवर चिडण्यात फारसा राम नव्हता. चाळीस देशांत लाल बदाम वाटणारी जनता होती, तीत आणि डॉक्टरांत फरक काय? आणि जनतेत आणि त्यांच्यात? काल संध्याकाळी टाळ्या कुणी घेतल्या होत्या? प्रत्येकाचीच कल्पना चांगली असते. बर्फवाल्या बेकरीचीही होती. चांगल्या कल्पनांनीच तर तो सतरा नंबर चार दिवस बाकावर बसवला होता. वाईट कल्पना एक जरी असती, तर ती काढून टाकून मोकळं होता आलं असतं.

त्या खिडकीत येऊन बसल्या. साठ ओळी आधी पुसल्या. मग संस्थेची कोरी यादी उघडली, एक ओळ लिहिली आणि पहिला माणूस काचेशी येण्याआधी पाठवून दिली.

अकराच्या सुमारास उत्साहीचा फोन आला.

“ताई, यादी मिळाली. मला पण प्रत आलीय. काहीतरी गडबड झालीय, एकच ओळ आलीय.”

“एकच आहे.”

“‘काही वाढवायचं नाही. चौदा प्रकार, बर्फ, आभार आणि वाढदिवस काढायचे आहेत. ते काढले की काम पूर्ण.’ ताई! असं लिहितात का कुणी?”

“शुद्धलेखन चुकलंय का?”

“सॉफ्टवेअर कधी पूर्ण होत नसतं, ताई.”

“तुझं होत नसेल. माझं दोनशे बाराव्या ओळीला झालं होतं. मीच पाहुण्यांना उठवलं नाही.”

“पण ज्येष्ठांचं काय? गरोदर बायकांचं? ते तर तुम्हीच घातलं होतं. इतक्या निर्दय कशा हो तुम्ही!”

“अत्यवस्थ माणूस मागच्या दाराने थेट आत जातो, त्याला टोकन लागत नाही. बाकीच्यांसाठी मी उठून रांगेला विचारायचे, या आजोबांना पुढे सोडता का? रांग तेव्हा एकदाही नाही म्हणाली नाही. प्रोग्रामने विचारायचं बंद केलं, तेव्हापासून रांग चिडायला लागली.”

“हे स्केल होत नाही, ताई.”

“काय होत नाही?”

“म्हणजे... दोन हजार ठिकाणी असं चालत नाही.”

“दोन हजार ठिकाणी खिडकीत कुणी ना कुणी बसलेलं असेलच ना? की तिथे बर्फ बसतो?”

उत्साहीचा आवाज मऊ झाला, आणि बाईंना मऊ आवाजाचीच धास्ती होती. “ताई, एक सांगू? तुम्ही फक्त यादी पाठवा. खोटी पाठवा हवी तर. नोकरी लागू दे. पुढचं पुढे बघू. तुम्हालाच सुटायचं होतं ना तिथून?”

काचेपलीकडे एक बाई मुलाला कडेवर घेऊन केसपेपर पुढे करत होती. खिडकीबाईंनी तो घेतला, बघितला, शिक्का मारला. सुटायचं तर होतंच. घरी टेबल ठेवलेलं होतं.

“आणि मग तीन वर्षं काय करू?” त्या म्हणाल्या. “रोज सकाळी उठून कुणाच्या तरी पुढे कुणाला तरी घालू? ते इथेही होतंय. नको रे.”

“मग मी नक्कल घेऊन वेगळं काढीन. सगळे माझ्याकडे येतील. धमकी नाही देत, सांगतोय.”

“घे की. पाटीवर मीच लिहिलंय, घ्या म्हणून. मला विचारू नका, असंही लिहिलंय, ते तेवढं कुणी वाचत नाही.”

झालं तसंच. महिन्याच्या आत ‘पुढचा प्रो’ निघाला. दोन हजार ठिकाणांतली सोळाशे त्याच्याबरोबर गेली. संस्थेने नोकरी उत्साहीला दिली आणि त्याने बाईंचे आभार मानणारं लांबलचक पत्र प्रसिद्ध केलं. त्यात त्यांना ‘आद्य प्रेरणा’ म्हटलं होतं.

“आद्य म्हणजे मेलेली,” सासूबाईंनी अर्थ सांगितला. “टेबल परत सरकवायचं का?”

“राहू दे तिथेच.”

“बरं. काहीतरी लिहीत होतीस ना रोज? आता काय करणार संध्याकाळी?”

“माहीत नाही.”

“माझ्या डोक्याशी बसू नकोस म्हणजे झालं.”

बाईंनी ‘पुढचा’ची शेवटची आवृत्ती केली. दोनशे एकसष्ट ओळी. टिंग आणि दोन डॉक्टरांची सोय ठेवली होती. चूक निघाली तर दुरुस्त करीन, भर घालणार नाही, असं वर लिहिलं. सोमवारी इस्पितळाच्या स्क्रीनवर एक, दोन, तीन असे आकडे आले आणि बाकांवरची माणसं एकमेकांकडे बघू लागली, घरातलं घड्याळ बंद पडल्यासारखी. रंगारी काही नंतर दिसला नाही. त्याचा खांदा बरा झाला की त्याने नाद सोडला, हे कळायची सोय नव्हती, आणि बरा झाला असेल असं मानून घेण्याइतक्या बाई भाबड्या नव्हत्या.

दहा वाजता एक गृहस्थ काचेशी आले. कडक इस्त्री. “मी मोठ्या डॉक्टरांचा मेहुणा.”

“अरे वा. हा तुमचा नंबर, चौतीस.”

“तुम्हाला कळलं नाही बहुतेक. मी त्यांचा मेहुणा.”

“कळलं. चौतीस.”

“यात विशेष असं काही...”

“आहे ना. सतरा आणि सतरा मिळून होतो.”

मेहुणे बसले. सव्वा बाराला त्यांना हाक आली. त्यानंतर दहा मिनिटांत खिडकीबाईंनाही आली, वरच्या मजल्यावरून.

“ते विशेष कुठे गेलं?” मोठे डॉक्टर.

“काढलं, सर.”

“कुणाला विचारून?”

“घालताना कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही लेखी आदेश काढा. ‘माझ्या नातेवाइकांना इतर रुग्णांच्या आधी घ्यावं’, असं, सहीनिशी. मी उत्साहीचा तो प्रो आजच बसवते. विशेष आहे त्यात, फोटोसकट.”

डॉक्टरांनी पेन उचललं. टोपण काढलं. बाई उभ्या राहिल्या, घाई नव्हती. डॉक्टरांनी टोपण परत लावलं आणि म्हणाले, “तुम्ही जा खाली. गर्दी झाली असेल.” हॉलभर झळकायला तयार असलेला माणूस अर्ध्या कागदावर सही करायला धजत नव्हता. बाई उतरता उतरता जिन्यात मोठ्याने हसल्या, एकट्याच.

पुढल्या आठवड्यात त्यांनी एक अर्ज दिला, एकोणीस वर्षांतला पहिला. खिडकीची फळी बुटकी आहे, दिवसभर वाकून मान धरते, ती चार इंच वर घ्यावी. आजवर दिला नव्हता, कारण इथे कुठे आपल्याला जन्म काढायचाय, असं दर वर्षी वाटायचं. इस्पितळाचा सुतार टेप घेऊन आला. माप घेता घेता त्याच्या अंगात आलं.

“ताई, फळी काढतोच आहे तर खाली पाय ठेवायला पट्टी मारू? आणि या बाजूला शिक्क्यांसाठी खण? वर एक लहान मांडणी, फुलदाणी राहील. काचेला सरकतं दार करू का?”

“चार इंच,” बाई म्हणाल्या.

“लाकूड उरणार आहे हो, फुकटचं आहे.”

“चार इंच वर. पाच नको, साडेतीन नको.”

सुताराने खांदे पाडले आणि पेन्सिल कानामागे खोचली. बाई जरा वेळ फळीकडे बघत राहिल्या.

“ड्रॉवर होईल का एक?”

“होईल की! केवढा?”

“डबा, चष्मा आणि एक पुस्तक मावेल एवढा. कुलपाचा.”

“किल्ल्या किती? दोन करतात. एक तुम्हाला, एक ऑफिसात.”

“एक,” बाई म्हणाल्या. “आणि बाजूला हो आता, तुझ्यामागे माणसं उभी आहेत.”